८८ दिवस कुठे भरावेत: शेतावर की रोडहाउसमध्ये?

भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (४६२) मिळू लागला तो २०२४ पासून. वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीने. सोडतीत नाव लागलेली मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात जे तीन महिन्यांचं ठरावीक काम करावं लागतं, सगळे ज्याला ‘८८ दिवस’ म्हणतात, ते कुठे करायचं? प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या व्हिसाला सोडत नाही. दिवस भरले, कागद नीट असले, की अर्ज करता येतो.

मी दोन्ही केलं आहे. आधी सात आठवडे क्वीन्सलँडमध्ये बोवेनजवळ टोमॅटोच्या शेतावर, मग नऊ आठवडे नॉर्दर्न टेरिटरीत स्टुअर्ट हायवेवरच्या एका रोडहाउसमध्ये (पेट्रोल पंप आणि मोटेल एकत्र). इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. शेतावर सुखाने वर्ष काढलेली माणसं मला भेटली आहेत.

शेतीची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. काम पटकन मिळतं. इंग्रजी अडखळत असलं तरी चालतं, अनुभव कोणी विचारत नाही. सरकारची हार्वेस्ट ट्रेल ही सेवा कोणत्या महिन्यात कुठे कोणतं पीक निघतं ते सांगते आणि फोनवर कामाची माहितीही देते. पूर्वी नगावर मजुरी असली की दिवसभर राबून हातात जेमतेम काही पडायचं. एप्रिल २०२२ पासून तिथेही ताशी किमान वेतनाची हमी आली आहे. हमी कागदावर असली तरी पे-स्लिप दर आठवड्याला वाचावी लागते, पण निदान बोट ठेवायला जागा आहे. सकाळी साडेपाचला गाडीतून शेतावर जाताना पूर्वेला उजाडत असायचं. आमच्या गाडीत जपानी, फ्रेंच, अर्जेंटिनाची मुलं असायची. ती मैत्री मला रोडहाउसमध्ये मिळाली नाही.

मग अडचण काय? पाठ दुखते, ऊन लागतं, हे तुम्ही धरून चाललेलाच असाल. त्याची सवय होते. मला ज्याची सवय झाली नाही ते म्हणजे रात्री आठच्या सुमारास येणारा मेसेज: ‘उद्या काम नाही.’

कारणं रोज वेगळी असत. पाऊस झाला, माती ओली आहे. फळ अजून हिरवं आहे. बाजारातून मागणी आली नाही. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, त्याचंही नुकसानच होत असतं. पण नियम असा आहे की पावसामुळे काम झालं नाही तर तो दिवस धरला जात नाही. दहा वाजताच घरी पाठवलं तर तोही पूर्ण दिवस होत नाही, कारण त्या धंद्यात रोजचे जितके तास रीतसर मानले जातात तितके भरावे लागतात. हॉस्टेलचं भाडं मात्र आठवड्याचे सातही दिवस चालू. आमचं हॉस्टेलच काम मिळवून द्यायचं, त्यामुळे दुसरीकडे राहायला गेलो तर काम जाईल ही भीती. मी एका वहीत तारखा लिहायचो. ४९ दिवस तिथे राहिलो, त्यातले व्हिसासाठी धरता येतील असे २७. त्या वहीचं पान बघून मी बस पकडली.

रोडहाउस म्हणजे हायवेवर पेट्रोल पंप, खानावळ, बार आणि मोटेलच्या खोल्या, सगळं एकाच आवारात. मी सकाळी खोल्या आवरायचो, संध्याकाळी टेबलं बघायचो. वेळापत्रक दर आठवड्याला भिंतीवर लागायचं आणि त्यात बदल क्वचित. पाच दिवस पूर्ण तास काम केलं, आणि त्या धंद्यात तोच पूर्ण आठवडा मानला जात असेल, तर सुट्टीचे दोन दिवसही मोजणीत येतात. माझा सगळा हिशोब या एका ओळीने बदलला. उरलेले ६१ दिवस नऊ आठवड्यांत, एकही दिवस वाया न जाता, संपले. शनिवार-रविवारचा दर जास्त, तोही हातात पडला.

हे काम धरलं जातं का, अशी शंका अजून अनेकांना असते. ४६२ व्हिसाधारकांसाठी उत्तर ऑस्ट्रेलियातलं पर्यटन आणि हॉटेलचं काम २०१६ पासून धरतात, दुसऱ्या वर्षाची सोय सुरू झाली तेव्हापासूनच. जून २०२१ मध्ये त्यात इतर राज्यांतले दुर्गम भागही आले. करोनात सीमा बंद होत्या, तिथल्या हॉटेलांना माणसं मिळत नव्हती. पिनकोड सरकारी यादीत आहे का, हे मात्र हो म्हणण्याआधी बघाच. संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरी त्यात येते.

एकटेपणा आहे, तो लपवत नाही. जवळचं गाव दोनशे किलोमीटरवर. नेट सावकाश. दुपारी तीन तास मोकळे आणि जायला कुठे जागा नाही. ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, थांबली की तिच्या ड्रायव्हरशी बोलणं हीच करमणूक. हिवाळ्यात कॅरॅव्हॅन घेऊन उत्तरेकडे निघालेले निवृत्त लोक येतात, त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला नकाशावर रेघा मारून दिल्या आणि पुढचा माझा सगळा प्रवास त्या रेघांवरून झाला. अशा ठिकाणी आठवडाभरात मन रमणार नाही असं वाटत असेल, तर शेतावरचं हॉस्टेलच बरं, हे मी मनापासून सांगतो.

मग क्वीन्सलँडमधलं केर्न्स का नाही? समुद्र आहे, शहर आहे आणि तिथलं हॉटेलचं कामही धरतात. मी प्रयत्न केला. मिळाले ते आठवड्याला पंधरा तास, म्हणजे पुन्हा तीच वही. शेत की हॉटेल, याहून पूर्ण आठवड्याची खात्री कोण देतं हे आधी विचारा.

शेतीच करायची असेल तर क्वीन्सलँडमधल्याच टली किंवा इनिसफेलच्या केळीकडे बघा. केळी बारमाही, तोडणी पावसातही चालते. टली हे ऑस्ट्रेलियातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक, तिथे ७.९ मीटर उंचीचा गमबूट उभारला आहे, १९५० साली तेवढा पाऊस पडला म्हणून. घड खांद्यावर घेऊन चिखलात चालावं लागतं. दिवस मात्र भरतात.

आणि कोणी पगाराऐवजी राहणं-खाणं देऊ करत असेल तर नको म्हणा, ते काम धरत नाहीत. पे-स्लिपा आणि बँकेतल्या जमेच्या नोंदी पहिल्या आठवड्यापासून सांभाळून ठेवा.

उत्तरेत कोरडा हंगाम मेमध्ये सुरू होतो आणि रोडहाउसवाले मार्च-एप्रिलमध्येच माणसं शोधू लागतात. बारमध्ये काम करायचं असेल तर दारू देण्याचं प्रमाणपत्र लागतं, तिथे कोणतं चालतं ते आधी विचारून घ्या. मी क्वीन्सलँडचं घेऊन गेलो होतो, परत काढावं लागलं.