टेट्राप्लेजियात हाताची शस्त्रक्रिया: टेंडन की नर्व्ह?

टेट्राप्लेजिया म्हणजे मानेत मज्जारज्जूला इजा होऊन हात-पाय चारही लुळे पडणं. त्यातल्या सी-६ (मानेतला सहावा मज्जाखंड) पातळीच्या इजेत कोपर वाकतं, मनगट उचलता येतं. मनगट उचललं की अंगठा आपसूक तर्जनीच्या कडेला टेकतो. त्यात कागद राहतो, भरलेला चमचा सटकतो. कोपर मात्र स्वतःहून ताठ होत नाही आणि पंजा उघडत नाही. यावर शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या.

टेंडन ट्रान्सफरमध्ये चालू स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) सोडवून निकामी स्नायूच्या टेंडनला शिवतात. नर्व्ह ट्रान्सफरमध्ये चालू नसेची फांदी कापून निकामी स्नायूच्या नसेला जोडतात.

पहिला प्रश्न तारखेचा. टेंडनचं काम दहा वर्षांनीही होतं. नस मात्र दिवसाला जेमतेम १ मिमी वाढते, आणि इजेच्या नेमक्या पातळीतून नस मिळणारे स्नायू तोवर सुकत जातात. म्हणून नर्व्ह ट्रान्सफर इजेपासून १२ महिन्यांच्या आत, शक्यतो त्याहून लवकर. विजेच्या उत्तेजनाने स्नायू आकसत असेल तर मुदत वाढते. ही तपासणी आधी करून घ्या.

पकडीच्या ताकदीत टेंडन सरस. ब्रॅकिओरेडिॲलिस (कोपर वाकवायला मदत करणारा स्नायू) अंगठ्याला जोडला की किल्ली धरण्याची पकड येते. मनगट उचलणाऱ्या दोन स्नायूंपैकी लांब स्नायू बोटं मिटवायला वापरतात. इथेच घात होतो: उरलेला आखूड स्नायू एकट्याने मनगट पेलण्याइतका दमदार नसेल, तर मनगट पडतं आणि होती ती पकडही जाते. शिवाय हलवलेल्या स्नायूची ताकद साधारण एका श्रेणीने उतरते (ताकद ० ते ५ अशी मोजतात), म्हणून तो ५ पैकी किमान ४ श्रेणीचा हवा.

पंजा उघडण्यात नर्व्ह सरस, यात आम्हाला शंका नाही. सुपिनेटरची (तळवा वर वळवणाऱ्या स्नायूची) नसेची फांदी बोटं उघडणाऱ्या नसेला जोडतात. तळवा वर वळवायला बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) असतोच, त्यामुळे तोटा नगण्य.

कोपरासाठी खांद्यामागचा डेल्टॉइड स्नायू ट्रायसेप्सला (कोपर ताठ करणाऱ्या स्नायूला) जोडतात, बहुधा मध्ये टेंडनचा तुकडा घालून. नंतर स्प्लिंटमध्ये (आधाराच्या पट्टीत) कोपराची घडी आठवड्याला १०-१५ अंशांनीच वाढवायची. घाई केली की जोड ताणून सैल पडतो. साधारण तीन महिने त्या हाताने चाकाची खुर्ची ढकलायची नाही, पलंगावरून खुर्चीत सरकताना भार द्यायचा नाही. उचलायला घरात माणूस आहे का, हे तारीख घेण्याआधी ठरवा. नर्व्हनंतर बंदी कमी, पण पहिली हालचाल दिसायला कित्येक महिने आणि ताकद यायला दोनेक वर्षं.

मेलबर्नच्या गटाने २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १६ जणांवरच्या ५९ नर्व्ह ट्रान्सफरचे निकाल मांडले, ४ फसल्या. त्यातल्या काहींना टेंडन ट्रान्सफरही केले होते. मुदतीत असाल तर आम्हीही तेच सुचवू: उघडायला नर्व्ह, मिटायला टेंडन. मुदत टळली असेल तर टेंडनच. आणि अंगावर बेडसोअर असेल किंवा सांधे आखडले असतील, तर आधी ते.