अनोळखी गिर्यारोहकाच्या मदतीची तालीम देणारी वडोदऱ्यातील कार्यशाळा

दांडिया बाजारातील एक गिर्यारोहण मंडळ हिमालयात जाणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची कार्यशाळा घेते. बूट कोणते घ्यावेत आणि सॅक कशी भरावी हे सांगणारी शिबिरे शहरात इतरही होतात. परंतु वाटेत आपल्या गटाचा नसलेला माणूस कोसळलेला दिसला तर काय करायचे, या एका प्रश्नाला जवळजवळ अख्खा रविवार देणारी कार्यशाळा माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

चर्चेला आरंभ होतो तो मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील वाटेवर घडलेल्या दोन घटनांपासून. डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक सुमारे ८,५०० मीटर उंचीवर खडकाच्या आडोशाला गोठत बसला होता. चाळीसच्या आसपास माणसे त्याच्याजवळून गेली, काहींनी उशिरा प्रयत्नही केले, पण तो वाचला नाही. पुढे दोन आठवड्यांच्या आतच, आदल्या दिवशी मृत समजून मागे ठेवलेला ऑस्ट्रेलियाचा लिंकन हॉल सकाळी जिवंत आढळला, तेव्हा डॅन मेझर आणि त्यांचे सोबती शिखर जवळ असूनही त्याच्यापाशी थांबले, त्याला ऑक्सिजन आणि पाणी दिले, खालून शेर्पांची मदत मागवली, आणि हॉल घरी परतला. प्रशिक्षक पुढे निघून गेलेल्यांना खलनायक आणि थांबलेल्यांना देवमाणूस ठरवून मोकळे होत नाहीत. शार्प एकटा होता, त्याच्याकडे रेडिओ नव्हता आणि त्याला उभेही राहता येत नव्हते, हॉल मात्र आधाराने चालू शकला, हा फरक ते नीट समजावून देतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला, कारण घरी बसून निवाडा देणे सोपे असते.

त्यानंतरचे प्रात्यक्षिक मात्र कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून गेले. दोराची वेटोळी आणि दोन काठ्या यांची झोळी बांधून एका सडपातळ मुलाला इमारतीच्या जिन्यावरून खाली आणायचे होते. सहाजण लागले, पहिल्याच वळणावर झोळी कठड्याला अडकली, दोराने तळहात सोलवटले आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना धाप लागली. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, हे वाक्य प्रशिक्षकांनी त्याच वेळी उच्चारले.

“सर, पण एखाद्याने घर गहाण ठेवून पैसे भरले असतील तर?” असे एका तरुणाने विचारले. “मग तो हिशेब बेस कॅम्पच्या आधी करा. वर मेंदू धड चालत नाही, तिथे आधी ठरवलेलेच हातून होते,” असे उत्तर मिळाले. मला ते पूर्णपणे पटते. माणूस उचलून आणणे अशक्य असेल तेव्हाही थांबणे, रेडिओवरून कळवणे, जास्तीचा ऑक्सिजन देणे आणि सोबत बसणे शक्य असते. शिखराची वेळ चुकू नये एवढ्याच कारणाने हे टाळणे मला अक्षम्य वाटते.

मदतीचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, याची चर्चाही येथे टाळली जात नाही. मे २०२३ मध्ये एव्हरेस्टवर वाटाड्या म्हणून गेलेल्या गेल्जे शेर्पा यांनी आपल्या ग्राहकाला शिखर सोडण्यास राजी केले आणि मलेशियाच्या एका गिर्यारोहकाला सहकाऱ्याच्या साथीने पाठीवरून खाली आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये के-टू या जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरील बॉटलनेक या अरुंद टप्प्यात मोहम्मद हसन हा पाकिस्तानी हमाल मरणाच्या दारात असताना अनेकजण त्याला ओलांडून शिखराकडे गेले. पैसे भरणारा ग्राहक आणि ओझे वाहणारा मजूर यांच्या जिवाचे मोल डोंगरावर वेगळे ठरते काय, हा प्रश्न विचारला गेला तेव्हा सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही.

प्रथमोपचाराचा भाग मात्र घाईत उरकला गेला. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्यास रुग्णाला त्वरित खाली नेणे हाच मुख्य उपचार, एवढे ठसवले गेले. औषधांसाठी स्वतंत्र तास हवा होता. याहून मोठी उणीव मंडळाच्या स्वतःच्या हिमालयीन मोहिमेच्या अर्जात आहे. अनोळखी माणसाच्या मदतीसाठी गट मागे फिरला तर पैसे परत मिळतील का, आणि मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा, याबद्दल त्यात एक ओळही नाही. जे रविवारी इतक्या कळकळीने शिकवले जाते, ते अर्जात लिहून दिले पाहिजे. शुल्क माफक आहे आणि शिकवणे मराठीत व गुजरातीत चालते, तेव्हा कार्यशाळेला अवश्य जावे. मोहिमेचे पैसे मात्र या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घेतल्यावरच भरावेत.