मोइना स्टार्टर किट घेतलं – पिसवा झकास, सोबतचं खाद्य मात्र फसवं (५ पैकी ३ स्टार)

बेट्टाची (फायटर माशाची) पिल्लं झाली होती, अंड्याचा बलक घालून घालून टँकचं पाणी नासत होतं म्हणून शेवटी ऑनलाइन मोइना मागवला, म्हणजे माशांच्या पिल्लांना जिवंत खाऊ म्हणून घालतात त्या पाण्यातल्या बारीक पिसवा. विक्रेत्याचं नाव नाही लिहीत, उगाच वाद नको. किटमध्ये एक पाण्याची बाटली जिवंत पिसवांची आणि एक हिरव्या पावडरीचं पाकीट, त्यावर मोठ्या अक्षरात 'संपूर्ण शेवाळ आहार'.

आधी चांगलं सांगतो. पार्सल दोन दिवसांनी पुण्यात आलं, ऐन मे महिन्यात, तरी बाटलीत भरपूर जिवंत होत्या, तळाशी मेलेल्या अगदी थोड्या. पॅकिंगला पूर्ण मार्क. कुर्ल्याच्या मार्केटमधून आणलेल्या पिशवीत मागे निम्म्या मेल्या होत्या माझ्या.

आता पाकीट. उघडलं तर वास सरळ यीस्टचा, म्हणजे बेकरीत येतो तो, आणि रंग स्पिरुलिनाचा, ती गडद हिरवी पावडर शेवाळ म्हणून विकतात ना, तिचा. चला ठीक आहे म्हणून एका टबात तेच घालायला लागलो, पण बाल्कनीत एक जुना टब उन्हात शेवाळाने हिरवा होऊन पडलेला होता, त्यातही सहज वीस-पंचवीस सोडल्या, आणि खरी मजा तिथे झाली.

आठवड्याने दोन्ही टबातल्या चार-चार पिसवा पांढऱ्या वाटीत घेतल्या, मोबाईलचा टॉर्च आणि बायकोचं भिंग. अंग काचेसारखं असतं त्यांचं, आतलं सगळं दिसतं. हिरव्या पाण्यातल्यांचं आतडं गच्च हिरवं आणि पाठीवरच्या पिशवीत अंडी अशी खच्चून भरलेली की मोजताना चुकत होतो, दहा-बारा तरी असतील. पाकीटवाल्यांचं आतडं पण भरलेलं बरं का, उपाशी नव्हत्या! पण अंडी दोन, तीन, एकीला तर शून्य. अजून चार दिवसांनी त्या टबात काहींच्या पाठीवर तपकिरी खोगीर दिसायला लागलं. ही टिकाऊ अंडी, वाळली तरी मरत नाहीत, आणि खाण्याचे हाल झाले किंवा गर्दी झाली की पिसवा ती घालतात. एरवी नर लागतच नाही, माद्या एकट्याच पिल्लं काढतात, पण अशा वेळी नर पण जन्माला येतात. थोडक्यात टब बंद पडायच्या वाटेवर होता.

कारण शोधलं तर साधं आहे. स्पिरुलिना हे खरं शेवाळ नाहीच, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जीवाणू, त्यात स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीचा पदार्थ) जवळजवळ नसतं आणि पिसवांना स्टेरॉल स्वतःच्या अंगात बनवता येत नाही, कोळंबीसारखंच, खाण्यातूनच मिळावं लागतं. यीस्टमध्ये ओमेगा-३ सारखी फॅट नसते. म्हणजे पोट भरतं पण अंड्यात घालायला माल नाही. खऱ्या हिरव्या शेवाळात, क्लोरेला, सीनडेस्मस वगैरे, स्टेरॉल असतं. रसायनं तपासायची ओईसीडीची (ही देशांची एक आंतरराष्ट्रीय संघटना) २११ नंबरची टेस्ट आहे ना, ती डॅफ्निया मॅग्ना या मोइनाच्या मोठ्या नातेवाईक पिसवेवर २१ दिवस चालते, त्यात रसायन न घातलेल्या स्वच्छ पाण्यातल्या आयांना सरासरी किमान ६० जिवंत पिल्लं झाली नाहीत तर अख्खी टेस्ट बाद! आणि तिथे खायला देतात हिरवं शेवाळच, उगाच नाही.

विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं 'सर क्वांटिटी वाढवा'. वाढवली. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं, वास सुटलेला, टबातल्या निम्म्या पिसवा मेल्या. यीस्ट जास्त झालं की पाण्यातला ऑक्सिजनच जातो, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही, माझा खरा राग यावर आहे.

तर घ्यायचं का? फक्त पिसवांसाठी घ्या, पैसे वसूल. खाद्य नसलेलं स्वस्त पॅक मिळत असेल तर तेच बघा. टँकचं जुनं पाणी बादलीत भरून आधीच आठवडाभर उन्हात ठेवा, हिरवं झालं की मगच ऑर्डर करा, आणि ते हिरवं पाणी पिसवांच्या टबात रोज एवढंच घाला की दुसऱ्या दिवशी पाणी परत नितळ दिसलं पाहिजे. पाकीट घालायचंच तर चिमूटभर, पावसात ऊन नसेल तेव्हा जगवण्यापुरतं.

माझ्याकडे अर्धं पाकीट उरलंय, ते सध्या गोगलगायींना टाकतोय, त्यांची काही तक्रार नाही.