एच.१०० बस: २ मेगाबिट की ८ मेगाबिट?

निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या साखर कारखान्यात मराठी-कन्नड आयव्हीआर (फोनवर आपोआप उत्तर आणि सूचना देणारी यंत्रणा) उभा करायचा, तर बोर्डावरच्या स्ट्रीमचा वेग आधी ठरवावा लागतो. एच.१०० ही संगणकातल्या टेलिफोन कार्डांना (बोर्डांना) एकमेकांशी जोडणारी सामाईक वाहिनी, म्हणजे बस; स्ट्रीम म्हणजे तिच्यातली आवाज वाहणारी एकेक तार. बसवर स्ट्रीम ३२. त्यातल्या १६ ते ३१ कायम सेकंदाला ८.१९२ मेगाबिटवरच चालतात. निवड उरते ती ० ते १५ची, तीही चार-चारच्या गटाने.

२.०४८ वर एका स्ट्रीमला ३२ टाइमस्लॉट (एका दिशेचा एक आवाज मावेल असे वेळेचे कप्पे) मिळतात, आणि जुनं एमव्हीआयपी (एच.१०० च्या आधीची बस) कार्ड याच वेगावर चालतं. ते धडधाकट असेल तर फेकू नका. त्याला लागतील तेवढेच गट हळू ठेवा.

८.१९२ वर तीच स्ट्रीम १२८ स्लॉट देते. सगळ्या या वेगावर ठेवल्या तर ४,०९६! दोघांच्या बोलण्याला येता-जाता मिळून दोन स्लॉट लागतात, पण ऊसतोडीच्या तारखेची कन्नड सूचना एकाच स्लॉटवर सोडली की कितीही शेतकरी ती एकदम ऐकू शकतात. सीझनमध्ये हे फार मोलाचं.

नवीन मांडणी असेल तर माझा कौल ८ लाच. मात्र बसवरच्या प्रत्येक बोर्डात त्या गटाचा वेग सारखाच लावा, नाहीतर आवाजाऐवजी खरखर येते. क्लॉक मास्टर, म्हणजे सगळ्यांना वेळेचा ठेका देणारा बोर्ड, एकच ठेवा, दुसरा बोर्ड राखीव.