कॅम्परचं गळकं छत: वरून टेप की आतून उघडून काम?

कोल्हापुरात जूनचा पाऊस धरला की कॅम्पर व्हॅनचं छत आपली दुखणी सांगायला लागतं. घरीच दुरुस्ती करायची तर रस्ते दोन.

वरून ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावणं सोपं. जुनं सीलंट खरवडा, पत्रा पुसून कोरडा करा, टेप रोलरने दाबून बसवा. ब्युटाइल मऊच राहतं, त्यामुळे उन्हाने पत्रा फुगला-आकसला तरी सांधा धरून ठेवतं. सिलिकॉनच्या नादाला मात्र लागू नका; त्यावर पुढे ना रंग बसतो, ना दुसरं सीलंट.

दुसरा रस्ता, आतलं सीलिंग (छताचं आतलं अस्तर) उतरवणं, हे वेळखाऊ, धुळीचं आणि मान मोडणारं काम. पण आधी छताच्या प्लायला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. टोक लोण्यासारखं आत गेलं, काळा ओलसर भुगा हातावर पडला, की नुसत्या टेपने कायमचं भागत नाही. टेप लावून ओल आतच कोंडायची आणि लाकूड कुजतच राहायचं. टणक लाकूड लागेपर्यंत कापा, भिजलेलं इन्सुलेशन फेकून द्या, चौकट पूर्ण वाळू द्या. नवा प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीनच घ्या. साध्या कमर्शियल प्लायमध्ये वाचवलेले पैसे इथे परवडत नाहीत.

पाणी टपकतं तिथेच भोक असेल असं नाही, ते पत्र्याखालून वाहत येतं. माझं मत: पावसाळ्यापुरती टेप, आणि प्लाय मऊ लागला असेल तर दिवाळीनंतर सीलिंग उघडायचं. रिव्हेट, पत्रा कापून घेणं, यासाठी कोल्हापुरातली औद्योगिक वसाहत, उद्यमनगर, आहेच.