दुष्काळात घरगुती पाणीबचत : आवाहन, तुलना, उद्दिष्ट की सवलत?

धरणांतील साठा घटू लागला की सक्तीची कपात जाहीर करण्याआधी बहुतेक पाणीपुरवठा यंत्रणा लोकांना स्वेच्छेने पाणी वाचवण्याची विनंती करतात. ही विनंती कशी करावी, याचे जे मार्ग जगभर वापरले गेले आहेत, त्यांतील फरक मात्र निर्णय घेणाऱ्यांच्या बैठकीत फारसा चर्चेला येत नाही. फलक, पत्रके आणि ध्वनिवर्धकाची गाडी यांवर खर्च मंजूर होतो आणि विषय संपतो. पुढील आढावा अशा निर्णयाची जबाबदारी असलेल्यांसाठी आहे. मार्ग निवडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हाती असावे, असे माझे मत आहे : आपण किती पाणी वापरले, हे एखाद्या घराला किती दिवसांनी कळते? पुढची बहुतेक निवड या उत्तरावरच ठरते.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे निव्वळ आवाहन. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी १७ जानेवारी २०१४ रोजी दुष्काळी आणीबाणी जाहीर करून पाण्याचा वापर २० टक्क्यांनी कमी करण्याची विनंती केली. त्या वर्षीच्या मे महिन्यातील वापर तपासला गेला, तेव्हा तो आधीच्या तीन वर्षांतील मे महिन्यांच्या सरासरीपेक्षा कमी होण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला. एप्रिल २०१५ मध्ये शहरी वापरात २५ टक्के कपात सक्तीची करण्यात आली आणि जून २०१५ ते मे २०१६ या काळात २०१३ च्या तुलनेत सुमारे साडेचोवीस टक्के बचत झाली. पुढच्या दुष्काळात, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा १५ टक्क्यांचे ऐच्छिक आवाहन झाले आणि मार्च २०२३ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत बचत सात टक्क्यांच्या आसपासच राहिली. दोन्ही वेळची परिस्थिती सारखी नव्हती, त्यामुळे या आकड्यांची सरळ वजाबाकी करणे बरोबर नाही. तरीही एक उणीव स्पष्ट दिसते. ‘२० टक्के कमी वापरा’ हे ऐकणाऱ्या कुटुंबाला आपले शंभर टक्के किती, हेच ठाऊक नसते. जिथे देयक दोन-तीन महिन्यांनी येते, तिथे त्यावरून बोध घेणे म्हणजे वरातीमागून घोडे. जवळपास प्रत्येक कुटुंबाची अशी प्रामाणिक समजूत असते की आपण काटकसरीनेच वागतो आणि उधळपट्टी करणारे दुसरेच कोणीतरी आहेत.

ही समजूत मोडण्याचे काम दुसरा मार्ग करतो, तो म्हणजे शेजाऱ्यांशी तुलना. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कॉब परगण्यात २००७ च्या दुष्काळात एक लाखाहून अधिक कुटुंबांवर याचा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, प्रयोग झाला. काहींना पाणी वाचवण्याच्या युक्त्यांचे पत्रक मिळाले, काहींना त्यासोबत सार्वजनिक हिताची विनंती करणारे पत्र गेले, काहींच्या पत्रात त्याशिवाय मागील उन्हाळ्यातील त्यांचा स्वतःचा वापर, परगण्यातील इतर घरांचा वापर आणि ते किती टक्के शेजाऱ्यांपेक्षा जास्त पाणी वापरतात, एवढे तीन आकडे छापलेले होते, तर उरलेल्यांना काहीच पाठवले नाही. नुसत्या युक्त्यांनी वापर सुमारे एक टक्का घटला, विनंतीने पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आणि तुलनेच्या पत्राने पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. सर्वाधिक घट मुळात जास्त पाणी वापरणाऱ्या घरांत झाली, म्हणजे जिथे हवी होती तिथेच. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात २०१२-१३ मध्ये घरोघरी पाठवलेल्या तुलनात्मक अहवालांनीही सुमारे पाच टक्के बचत साधली.

पाच टक्के हा आकडा पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण एका कागदाच्या खर्चात ही बचत होते. मात्र धरण तळाला गेले असेल तर तेवढ्याने भागणार नाही, हेही तितकेच खरे. शिवाय या मार्गाला दोन काटे आहेत. पहिला असा की कमी वापरणाऱ्याला सरासरी कळली की तो निर्धास्त होतो. विजेच्या वापराबाबत कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे झालेल्या प्रयोगात सरासरीहून कमी वीज वापरणाऱ्या घरांचा वापर अशा माहितीनंतर वाढला, आणि आकड्याशेजारी पसंतीदर्शक हसरा चेहरा छापल्यावर ही वाढ थांबली. दुसरा काटा अन्यायाचा आहे : सहा माणसांच्या घराची तुलना दोन माणसांच्या घराशी केली तर पत्र केराच्या टोपलीत जाते आणि यंत्रणेची विश्वासार्हताही त्याच्याबरोबर जाते. घरातील माणसांची संख्या ठाऊक नसेल, तर घराची तुलना त्याच्याच मागील वर्षीच्या वापराशी करणे अधिक सुरक्षित.

तिसरा मार्ग मला सर्वांत सशक्त वाटतो : दरडोई दररोज लिटरांत सांगितलेले एकच उद्दिष्ट आणि त्यासोबत साठ्याची व एकूण वापराची नियमित जाहीर माहिती. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय क्वीन्सलँडमध्ये मे २००७ पासून १४० लिटरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, अंघोळ चार मिनिटांत आटोपण्यासाठी घरोघरी छोटी घड्याळे वाटण्यात आली, आणि १८० लिटरांच्या आसपास असलेला दरडोई वापर १४० च्या खाली आला. मेलबर्नने २००८ च्या अखेरीस १५५ लिटरांचे ऐच्छिक उद्दिष्ट जाहीर केले. टक्केवारीपेक्षा लिटर प्रभावी ठरतात, कारण त्यांचा हिशेब घरात मांडता येतो. शॉवरमधून मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी जात असेल, तर दहा मिनिटांच्या अंघोळीतच दिवसाच्या वाट्यातील शंभर लिटर संपतात, हे गणित कोणालाही समजते. ‘वीस टक्के’ कशातून कापायचे, हे मात्र समजत नाही. दुसरे असे की दरडोई आकड्यात आधीपासून काटकसर करणाऱ्याला शिक्षा होत नाही.

केपटाउनचे उदाहरण याच प्रकारातले असले, तरी ते जपून वाचावे. तिथे फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दररोज ५० लिटरांची मर्यादा आली आणि २०१५ च्या सुरुवातीला दिवसाला १२० कोटी लिटरांच्या घरात असलेला शहराचा वापर २०१८ मध्ये ५० कोटी लिटरांच्या आसपास उतरला. परंतु त्यामागे चढे दर, पाणी मर्यादित करणारी मीटरवरील उपकरणे आणि नळ बंद होण्याच्या दिवसाची जाहीर भीती, हे सगळे होते. ते श्रेय केवळ लोकांच्या राजीखुशीला देता येत नाही. घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. शहराने घरनिहाय वापराचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात महिन्याला सहा हजार लिटरांपेक्षा कमी वापरणाऱ्या घरांवर गडद हिरवा ठिपका होता, त्याहून काहीसे जास्त वापरणाऱ्यांवर फिका हिरवा, आणि उधळपट्टी करणाऱ्यांवर लाल ठिपका मात्र नव्हता. चांगल्याला दाखवायचे आणि वाईटाला चव्हाट्यावर आणायचे नाही, ही मर्यादा शहाणपणाची होती, असे मला वाटते. खाजगी माहिती उघड होत असल्याचा आक्षेप तरीही उरतोच, त्यामुळे घरांऐवजी गल्ली किंवा वस्तीचा आकडा दाखवणे बरे.

देयकात सवलत देण्याचा मार्ग लोकप्रिय होतो, पण पसंतीत मी तो शेवटी ठेवतो. ब्राझीलमधील साव पावलोमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वापर २० टक्के घटवणाऱ्यांना ३० टक्के सवलत मिळू लागली. जानेवारी २०१५ मध्ये उलट बाजूने, सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांवर अधिभारही आला. सवलतीचा आधार मागील वापर असल्याने पूर्वी उधळणाऱ्याला ती सहज मिळते आणि जपून वापरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घरातील दोन माणसे परगावी गेली तरी बक्षीस पदरात पडते. पाणी कमी विकले गेल्याने उत्पन्न आधीच घटलेले असताना सवलतीचा भार वेगळा. तिजोरी भक्कम नसेल तर या वाटेला न जाणे उत्तम.

जुने नळ व फ्लश बदलून देणे आणि गळती दुरुस्त करणे, हा मार्ग सवयींवर अवलंबून नसल्याने टिकाऊ आहे. एका फ्लशला १३ लिटर घेणारी टाकी बदलून सहा लिटरांची बसवली की कोणाला काही आठवण करून द्यावी लागत नाही. त्याला वेळ लागतो, हीच अडचण. गळतीची तपासणी मात्र आजच सुरू करता येते. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचे आकडे लिहून ठेवावेत आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावेत. आकडे पुढे सरकले असतील तर गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे, न दाबता भांड्यात रंग उतरला तर झडप झिजलेली आहे. पत्रकावर दहा उपदेश छापण्यापेक्षा या दोन कृती चित्रांसह छापाव्यात.

आता निवड. घरोघरी मीटर असतील आणि वाचन दरमहा होत असेल, तर लिटरांतील उद्दिष्ट आणि वर्षभरापूर्वीच्या वापराशी तुलना करणारे पत्र एकत्र वापरावे, आणि सर्वांना पत्र पाठवणे परवडत नसेल तर सर्वाधिक वापराच्या घरांपासून सुरुवात करावी. देयक तीन महिन्यांनी येत असेल, तर नवी पत्रके छापण्याआधी दुष्काळापुरते वाचन वाढवावे, किंवा लोकांना स्वतः मीटर वाचायला शिकवावे. संपूर्ण इमारतीला एकच मीटर असेल तिथे घरनिहाय तुलनेचा प्रश्नच येत नाही. तिथे इमारतीचा दरडोई आकडा दर आठवड्याला जिन्यापाशी लावणे आणि गळतीची तपासणी करणे, हेच हाती उरते. मीटरच नसतील, तर टाकीतून दररोज सोडलेल्या पाण्याला वस्तीच्या लोकसंख्येने भागून येणारा आकडा जाहीर करावा, पण त्यात वाटेतील वाहिन्यांची गळतीही मिसळलेली असते, हे त्याच फलकावर लिहावे. यंत्रणेची स्वतःची फुटलेली वाहिनी चार दिवस वाहत असेल, तर नागरिकांना बादलीचा हिशेब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, आणि लोक ते बोलूनही दाखवतात.

कोणताही मार्ग निवडला तरी त्याची मुदत पहिल्याच दिवशी जाहीर करावी : साठा अमुक टक्क्यांवर आला किंवा अमुक तारखेपर्यंत वापर ठरलेल्या आकड्यावर आला नाही, तर सक्तीची कपात लागू होईल. ही पातळी ठरवताना सक्ती अमलात आणायला लागणारे आठवडे हिशेबात धरावेत, म्हणजे ऐच्छिक प्रयत्न अपुरे पडले तरी तोपर्यंत पुरेल एवढे पाणी साठ्यात असेल.