सुपीरियर राष्ट्रीय वनातील मोफत रानमुक्काम : चार रात्रींच्या अनुभवावरून

मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, सुपीरियर राष्ट्रीय वन पसरलेले आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या सुमारे ३० लाख एकरांच्या या वनात तळी, दलदली आणि सूचिपर्णी झाडी यांची अशी सरमिसळ आहे की नकाशा समोर धरला तर जमिनीत पाणी आहे की पाण्यात जमीन, हे चटकन सांगता येत नाही. येथे मुक्काम करायचा तर बहुतेक लोक दोन वाटांपैकी एक निवडतात. एक म्हणजे पैसे भरून कॅम्पग्राउंडमध्ये उतरणे आणि दुसरी म्हणजे 'बाउंडरी वॉटर्स' या सुमारे ११ लाख एकरांच्या संरक्षित भागात परमिट काढून कनूने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेने, जाणे. तिसऱ्या वाटेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. नेमून दिलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, संरक्षित भागाच्याही बाहेर, स्वतः शोधलेल्या जागी, शुल्क न भरता आणि परमिट न काढता राहण्याची मुभा या वनात आहे. मी, माझे पती, दीर आणि जाऊ अशा आम्ही चौघांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या पद्धतीने चार रात्री काढल्या, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. स्वतःच्या सामानावर आणि पायांवर भरवसा असलेल्या माणसाला उत्तरेच्या या प्रदेशात याहून चांगला मुक्काम मिळणार नाही. मात्र जागा शोधण्याचे काम हे या मुक्कामाचे खरे मोल आहे आणि ते दिवसाउजेडी चुकते करावे लागते.

पैशांचा हिशेब करायचा तर फरक लक्षणीय आहे. बाउंडरी वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामासाठी प्रवेशांची संख्या ठरलेली असते, आरक्षणाचे आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे एका सहलीचे असे वेगवेगळे शुल्क लागते, आणि मोजक्या लोकप्रिय प्रवेशद्वारांची परमिटे फार लवकर संपतात. आमच्या प्रकारात यातले काहीच नाही. मात्र नळ नाही, टेबल नाही, कचराकुंडी नाही, मोबाइलला रेंज नाही आणि 'येथे उतरा' असे सांगणारी पाटीही नाही.

एली गावाहून महामार्ग क्रमांक १ ने इझाबेलाच्या दिशेने निघाल्यावर दोन्ही बाजूंना खडीचे फॉरेस्ट रोड फुटू लागतात. वनखात्याचा मोफत मिळणारा वाहनरस्त्यांचा नकाशा जवळ असणे येथे अत्यावश्यक आहे, कारण डोळ्यांना दिसणारी प्रत्येक वाट गाडीसाठी खुली नसते. दुसरी गोष्ट आम्हाला आधी ठाऊक नव्हती : वनाच्या सीमेच्या आत असलेली प्रत्येक जमीन वनाची नसते. मधूनमधून राज्याच्या, काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) आणि खासगी मालकीच्या जमिनी आहेत आणि त्यांच्यामध्ये कुंपण असेलच असे नाही. आम्ही पहिली जी जागा पसंत केली, ती नकाशावर पडताळल्यावर खासगी निघाली आणि उतरवलेले सामान पुन्हा गाडीत भरावे लागले. म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याच्या रेंजर कार्यालयात थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे त्या आठवड्यातील आगीचे निर्बंध, रस्त्यांची स्थिती आणि अस्वलांच्या तक्रारी या तिन्हींची माहिती एकाच ठिकाणी मिळते.

जागेचा शोध आम्ही दुपारी दोन वाजता सुरू केला आणि ती मिळाली साडेपाचला. अडचण कशात आहे, ते प्रत्यक्ष फिरल्याशिवाय कळत नाही. या प्रदेशातला खडक कॅनेडियन शील्डचा, पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी; हिमयुगातील बर्फाने तो खरवडून काढला आणि त्यावर मातीचा जेमतेम थर उरला. त्यामुळे सपाट दिसणारी जागा एकतर उघडा कातळ असते, जेथे तंबूची खुंटी दोन इंचांपुढे जात नाही, किंवा काळ्या स्प्रूसच्या सावलीतली शेवाळाची गादी असते, जिच्यावर पाय दिला की बुटाभोवती पाणी वर येते. जमीन बरी मिळाली तरी वर पाहावे लागते. येथील बाल्सम फरची कित्येक झाडे स्प्रूस बडवर्म नावाच्या अळीने मारली आहेत आणि ती वाळून जागच्या जागी उभी आहेत; रात्रीच्या वाऱ्यात त्यातले एखादे कोसळले तर खालच्या तंबूची धडगत नाही. अखेर लाकूडतोडीच्या एका जुन्या वाटेच्या टोकाला, जॅक पाइनच्या विरळ झाडीत, आधी कोणीतरी वापरलेली जागा मिळाली. आधी वापरलेली जागा मिळणे हे येथे भाग्याचे समजावे, कारण नव्या जागी तंबू ठोकला की तेथील नाजूक शेवाळ आणि दगडफुले तुडवली जातात आणि ती पुन्हा उगवायला बरीच वर्षे घेतात.

त्या जागेवर आधीच्या मंडळींनी चुलीत अर्धवट जळालेले ॲल्युमिनियम फॉइल आणि दोन फुटक्या बाटल्या टाकून ठेवल्या होत्या. याचे मला मनापासून वाईट वाटले. फॉइल जळत नाही. त्याचे बारीक तुकडे राखेत मिसळतात आणि ते वेचायला आम्हाला पाऊण तास लागला. शुल्क न घेता मिळणाऱ्या जागेची निगा राखायला रोज माणूस येत नाही, हे तेथे उतरणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

शौचाची व्यवस्था स्वतःच करायची असते. पाणी, पायवाट आणि मुक्काम या तिन्हींपासून सुमारे २०० फूट दूर जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा, असा सर्वमान्य संकेत आहे. वाचायला हे सोपे वाटते, पण चार इंचांवर फावडे कातळाला आपटते आणि खोल माती सापडेपर्यंत झाडीत आत चालत जावे लागते. हे काम सकाळच्या घाईवर न सोडता आदल्या संध्याकाळीच जागा हेरून ठेवणे शहाणपणाचे ठरले.

पाण्याची कमतरता नाही, पण ते कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींमधून उतरणाऱ्या टॅनिनमुळे हा रंग येतो आणि तो अपायकारक नाही. अपाय होतो तो न दिसणाऱ्या जिआर्डियासारख्या परोपजीवींमुळे, म्हणून पाणी गाळणे किंवा खळखळ उकळणे चुकवू नये. आमचा फिल्टर दुसऱ्या दिवशी गाळाने तुंबला. त्यानंतर आम्ही पाणी बादलीत तासभर निवळत ठेवून वरचे तेवढे गाळू लागलो आणि अडचण संपली.

अस्वलांविषयी विचारणा नेहमी होते. येथे काळी अस्वले आहेत आणि त्यांना आपल्यात नव्हे, आपल्या शिध्यात रस असतो. अन्न, टूथपेस्ट, साबण, थोडक्यात वास येणारी प्रत्येक वस्तू प्रमाणित अस्वलरोधक डब्यात ठेवावी किंवा जमिनीपासून किमान १२ फूट उंच आणि खोडापासून किमान ६ फूट लांब टांगावी. या जंगलात आडवी, भक्कम फांदी सहजी मिळत नाही. स्प्रूसच्या फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या असतात. माझे दीर पहिल्या संध्याकाळी दोर फेकण्यात चाळीस मिनिटे गुंतले होते. डबा जड असतो, तरी मी त्याचीच शिफारस करेन.

भाड्याच्या सामानाबाबत मात्र आमची घोर निराशा झाली. वाटेतल्या एका दुकानातून आम्ही मोठा तंबू भाड्याने घेतला होता. दुसऱ्या रात्री पाऊस आला तेव्हा वरच्या आवरणाच्या शिवणीवरची पट्टी हातभर सुटलेली असल्याचे ध्यानात आले आणि दोन झोपण्याच्या पिशव्या ओल्या झाल्या. रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ जात असताना हा प्रसंग नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. आम्ही दोघी जावांनी उरलेली रात्र गाडीत काढली. परत केल्यावर दुकानाने अर्धे भाडे परत दिले, परंतु देण्यापूर्वी तंबू उघडून पाहिलाच नव्हता, हेही त्यांनी मान्य केले. भाड्याचा तंबू घेणाऱ्याने तो दुकानाच्या दारातच उभा करून पाहावा.

पुढच्या दोन रात्री आम्ही कनूने एका तळ्याकाठी गेलो. संरक्षित भागाच्या बाहेरही अनेक तळ्यांवर वनखात्याने मुक्कामाच्या साध्या जागा नेमून दिल्या आहेत. तेथे लोखंडी जाळीची चूल आणि झाडीत आडोशाविना बसवलेले शौचकूप एवढेच असते, आरक्षण नसते आणि जो आधी पोहोचेल त्याची जागा. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी हाच पर्याय सुचवेन, कारण जागा शोधण्याचा निम्मा भार उतरतो. तिसऱ्या रात्री वारा पडला, तळे काचेसारखे झाले आणि पलीकडच्या काठावरून लून पक्ष्याची ती लांब, चढत जाणारी हाक आली. तिला दुसऱ्या तळ्यावरून उत्तर आले, मग तिसऱ्यावरून. आम्ही चौघेही हातातली भांडी तशीच धरून उभे राहिलो. शेजारच्या बाउंडरी वॉटर्सला २०२० साली आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचे अभयक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आहे. त्या रात्री आकाशगंगा पाण्यातही दिसत होती.

चुलीविषयी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मे २००७ मध्ये याच वनातून जाणाऱ्या गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याच्या परिसरात एका शेकोटीतून सुटलेल्या आगीने, हॅम लेक नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्याने, दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५ हजार एकर जंगल जाळले. येथील जमिनीवरचा थर सुया आणि मुळांचा असतो आणि वरून विझलेली आग त्यात आतल्या आत धुमसत राहते. म्हणून पाणी ओतणे, काठीने ढवळणे, पुन्हा पाणी ओतणे आणि उघड्या हाताला राख गार लागेपर्यंत हे चालू ठेवणे आवश्यक आहे. आम्हाला दर खेपेस तीन बादल्या लागल्या. सरपण जमिनीवर पडलेले, मनगटाएवढे, जागेपासून दूर जाऊन गोळा करावे. घरून लाकूड आणल्यास त्यासोबत झाडांची कीड येऊ शकते.

डास आणि काळ्या माश्या यांचा हंगाम मुख्यतः जून-जुलैचा, त्यामुळे आम्हाला त्यांचा त्रास जवळजवळ झाला नाही. लहान मुले, नियमित औषधोपचार चालू असलेले ज्येष्ठ किंवा प्रथमच तंबूत राहणारे सोबत असतील, तर पहिली खेप कॅम्पग्राउंडमध्येच करावी. मदतीला फोन लागत नाही, ही बाब हलक्यात घेण्यासारखी नाही. आम्ही पुढच्या सप्टेंबरसाठी त्याच तळ्याचा नकाशा काढून ठेवला आहे, आणि या वेळी तंबू स्वतःचा विकत घेतला आहे.